केस जेवत नाहीत

शांपूच्या निवडीवर आपल्याकडे जे बोललं जातं त्याच्या दोन बाजू आहेत. एक जाहिरातींची: प्रथिनं, जीवनसत्त्वं, केराटिन, बदामाचा अर्क असलेला शांपू लावा, केसांना पोषण मिळेल, ते मुळापासून बळकट होतील. दुसरी बाजू जाहिरातींवर विश्वास न ठेवणाऱ्यांची: बाटलीतलं सगळं ‘केमिकल’ असतं, शिकेकाई-रिठा वापरा, खरं पोषण निसर्गातून मिळतं. या दोन्ही बाजू एकमेकींच्या कट्टर विरोधात उभ्या असल्यासारख्या वाटतात. मला त्यांच्यातलं साम्य जास्त महत्त्वाचं वाटतं. केसाला बाहेरून काही लावलं की ते तो आत घेतो आणि त्यावर पोसला जातो, हे दोन्ही बाजूंनी न तपासताच धरून चालवलं आहे. भांडण फक्त पानात काय वाढायचं याचं आहे.

हे गृहीतच चुकीचं आहे, आणि म्हणून दोन्हीकडचा सल्ला चुकतो, असं माझं म्हणणं आहे. शांपू टाळूकडे पाहून निवडावा आणि कंडिशनर टोकांकडे पाहून. ती दोन निराळी कामं आहेत, त्यांचे निकष निराळे आहेत. आणि केसांचं आरोग्य म्हणून आपण ज्याची काळजी करतो त्यातला मोठा भाग या दोन्ही बाटल्यांच्या आवाक्याबाहेर, शरीराच्या आत ठरतो. हे तीनही मुद्दे क्रमाने सिद्ध करता येतात.

पहिली पायरी: दिसतो तो केस मृत असतो

केसाचं मूळ टाळूच्या त्वचेत असतं. तिथल्या पेशी शरीरातल्या सर्वांत वेगाने वाढणाऱ्या पेशींपैकी आहेत. त्या रक्तातून लोह, प्रथिनं, ऑक्सिजन घेतात आणि संप्रेरकांच्या चढउताराला प्रतिसाद देतात. त्याच पेशी वर सरकताना केराटिन नावाच्या प्रथिनाने भरत जातात, कडक होतात आणि त्वचेबाहेर येण्याआधीच मरतात. आपण विंचरतो, वेणीत गुंफतो, कापतो तो भाग मृत पेशींचा धागा आहे. त्यात रक्तवाहिनी नाही, मज्जातंतू नाही, दुरुस्तीची कोणतीही सोय नाही. त्वचेवरचा ओरखडा काही दिवसांत भरून येतो. केसाला फुटलेला फाटा भरून येत नाही, तो कात्रीनेच जातो. मेंढीची लोकरही याच केराटिनची बनलेली असते. केसांची निगा ही रोपाला खत घालण्यापेक्षा उंची कापड जपण्याच्या कामाला जवळची आहे, हे एकदा मान्य केलं की पुढचे बरेच प्रश्न सुटे होतात.

त्यातला पहिला प्रश्न वयाचा. केस महिन्याला साधारण १ सेंटिमीटर वाढतो. एखादीचे केस ६० सेंटिमीटर लांब असतील तर मुळाजवळचा भाग याच महिन्यातला आणि टोक पाच वर्षांपूर्वीचं. ती आठवड्यातून दोनदा न्हात असेल तर ते टोक ५०० हून जास्त वेळा धुतलं गेलं आहे. शिवाय पाच उन्हाळे, रोजची फणी, घट्ट रबर, ओल्या केसांवर फिरवलेला टॉवेल.

या काळात केसाचं नेमकं काय झिजतं? केसावर पातळ खवल्यांचे अनेक थर असतात आणि सर्वांत वरच्या खवल्यांवर मेदाम्लाचा एक अतिशय पातळ लेप असतो. १८-मिथाइलआयकोसॅनॉइक आम्ल हे त्यातलं मुख्य द्रव्य. हा लेप केसाशी रासायनिक बंधाने जोडलेला असतो, तेलासारखा वरून चोपडलेला नसतो. तो आहे तोवर पाणी केसावरून ओघळतं, शेजारचे दोन केस एकमेकांवरून सहज सरकतात. ब्लीच, कायमचा रंग, केस सरळ करण्याची तीव्र द्रावणं यांनी तो निघून जातो, आणि एकदा गेलेला लेप त्या भागावर परत येत नाही. मग केस पाणी शोषतो, खरखरीत लागतो, गुंततो. ज्याला आपण ‘निर्जीव केस’ म्हणतो तो खरं तर उघडा पडलेला केस असतो. निर्जीव तर तो पहिल्या दिवसापासूनच होता.

दुसरी पायरी: एका डोक्यावरचे दोन प्रश्न

टाळू ही जिवंत त्वचा आहे. तिथल्या तैलग्रंथी रोज तेल सोडतात, घाम येतो, मृत पेशी झडतात, सूक्ष्मजीव राहतात. टोकांपर्यंत यातलं काहीच नीट पोचत नाही. म्हणून तेलकट टाळू आणि कोरडी टोकं एकाच डोक्यावर सुखाने नांदतात, लांब केसांत तर बहुधा तसंच असतं.

दुकानातली मांडणी मात्र ‘कोरडे केस’, ‘तेलकट केस’, ‘खराब झालेले केस’ अशी असते. या वर्गवारीने सगळ्यात जास्त नुकसान केलं आहे असं माझं मत आहे, कारण ती दोन उत्तरांच्या प्रश्नाला एकच उत्तर मागते. रंगवलेल्या लांब केसांची बाई ‘खराब केसांसाठी’चा दाट, मऊपणा आणणाऱ्या द्रव्यांनी भरलेला शांपू घेते, टोकं थोडी सुधारतात, टाळू चिकट राहतो, खाज सुटते. दुसरी तेलकटपणाला कंटाळून कडक शांपू घेते आणि तोच फेस टोकांवर चोळते. टाळू स्वच्छ होतो, टोकांचा झाडू होतो. दोघींनाही वाटतं की आपल्याला योग्य शांपू अजून सापडलेला नाही. शांपू आणि कंडिशनर एकाच बाटलीत देण्याची कल्पना १९८७ मध्ये अमेरिकेत ‘पर्ट प्लस’ने लोकप्रिय केली. कानापर्यंतच्या आखूड केसांना ती पुरेशी आहे, कारण तिथे टोकंही जेमतेम वर्षाचीच असतात. लांब केसांसाठी ती तडजोडच राहते.

शांपूचं गिऱ्हाईक टाळू

शांपूचं काम तेल आणि मळ पाण्यात सोडवणं. त्याच्या रेणूचं एक टोक तेलाला धरतं, दुसरं पाण्याला. पूर्वी हे काम साबण करायचा. साबण दोन कारणांनी केसांना वाईट: तो अल्कधर्मी असतो, आणि जड पाण्यातल्या कॅल्शियमशी मिळून न विरघळणारा पांढरा चोथा केसांवर सोडतो. १९३४ मध्ये प्रॉक्टर अँड गँबलने ‘ड्रीन’ हा साबणाऐवजी कृत्रिम प्रक्षालक वापरणारा शांपू आणला आणि ही अडचण मोडली. ‘केमिकल’ शांपूचा जन्म असा साबणाच्या त्रासातून झाला आहे, हे त्याला सरसकट नावं ठेवताना विसरलं जातं.

आज सर्वाधिक वापरलं जाणारं प्रक्षालक म्हणजे सोडियम लॉरेथ सल्फेट. त्याचा जवळचा नातेवाईक सोडियम लॉरिल सल्फेट त्वचेला बऱ्यापैकी चुरचुरवतो. प्रयोगशाळेत त्वचेचा दाह मोजताना तुलनेसाठी मुद्दाम तोच वापरतात. लॉरेथ त्याच्याहून सौम्य आहे, आणि कोकॅमिडोप्रोपिल बिटेन सोबत असेल तर आणखी सौम्य होतो. यावरून ‘सल्फेट-फ्री’ या दोन शब्दांना किती किंमत द्यायची ते ठरवता येतं. सल्फेट काढून त्याजागी सोडियम ओलेफिन सल्फोनेट घातलं की बाटलीवर ‘सल्फेट-फ्री’ छापता येतं, आणि तेल उपसण्यात ते लॉरेथहून फारसं मागे नसतं. त्याऐवजी आयसेथिओनेट किंवा कोको-ग्लुकोसाइड असेल तर तो शांपू खरोखर मवाळ असण्याची शक्यता जास्त. ज्यांचा टाळू संवेदनशील आहे, इसब आहे, केस रंगवलेले किंवा सरळ केलेले आहेत, त्यांना मवाळ शांपूचा उपयोग आहे. ज्यांच्या टाळूवर दुसऱ्या दिवशीच तेल दिसतं, जे दिवसभर हेल्मेट घालून फिरतात, त्यांनी साध्या सल्फेटच्या शांपूला घाबरण्याचं कारण नाही. सल्फेटने कर्करोग होतो या फिरत्या समजुतीला आधार नाही. फेसावरून मात्र काहीच ओळखू नये. फेस किती येतो याचा केस किती स्वच्छ होतात याच्याशी संबंध फार थोडा.

सल्फेटइतकी चर्चा पीएचची, म्हणजे शाळेच्या पुस्तकात ज्याला सामू म्हणतात त्याची, होत नाही. व्हायला हवी. टाळूचा पीएच ५.५ च्या आसपास असतो, केसाचा स्वतःचा तोल त्याहून आम्ल, ३.७ च्या जवळपास. शांपू जितका अल्कधर्मी तितका केसाच्या पृष्ठभागावरचा ऋण विद्युतभार वाढतो, खवले उचलले जातात, घर्षण आणि गुंता वाढतो. ब्राझीलच्या संशोधकांनी २०१४ मध्ये १२३ शांपू तपासले तेव्हा बाजारातल्या नेहमीच्या शांपूंपैकी ५.५ किंवा त्याखालचे निम्म्याहून कमी निघाले. बाटलीवर पीएच सहसा छापलेला नसतो. माझ्या मते तो छापणं सक्तीचं करावं. ‘केराटिनयुक्त’ या शब्दापेक्षा त्या एका आकड्यातून ग्राहकाला कितीतरी जास्त कळेल.

कोंडा: जिथे घरगुती सल्ला उलटतो

कोंड्याला आपल्याकडे कोरडेपणाचं लक्षण मानतात आणि वर तेल चोपडतात. कोंड्याच्या मागे बहुतेक वेळा मॅलासेझिया नावाची बुरशी असते. ती जवळजवळ प्रत्येकाच्या टाळूवर असते. तिला मेदाम्लं स्वतः बनवता येत नाहीत, म्हणून ती टाळूवरच्या तेलावर जगते. ते तेल फोडताना ओलेइक आम्ल मागे राहतं, काहींच्या त्वचेला ते सोसत नाही, आणि पेशी घाईने झडू लागतात. अशा टाळूवर तेल रात्रभर ठेवणं म्हणजे बुरशीला शिधा पुरवणं. तेलाने कोंडा गेल्यासारखा वाटतो, कारण पापुद्रे ओले होऊन चिकटून बसतात आणि दिसेनासे होतात. इथे औषधी शांपू हवा: केटोकोनॅझोल २ टक्के, झिंक पायरिथिऑन किंवा सेलेनियम सल्फाइड. तो टाळूवर तीन ते पाच मिनिटं राहू द्यायचा, आठवड्यातून दोनदा, काही आठवडे. लावून लगेच धुतला तर औषध काम करत नाही, आणि मग ‘हा शांपूही लागू पडला नाही’ म्हणून लोक तो सोडून देतात. औषधी शांपूने केस राठ होतात ही तक्रार खरी आहे; त्याचं उत्तर टोकांना कंडिशनर लावणं हे आहे.

किती वेळा न्हायचं हेही टाळूच सांगतो. रोज धुतल्याने तेल जास्त सुटतं असं म्हणतात, पण तैलग्रंथी संप्रेरकांच्या सांगण्यावरून चालतात, धुण्याचा हिशेब त्या ठेवत नाहीत. मुंबईच्या दमटपणात लोकलने प्रवास करणाऱ्याला एक दिवसाआड न्हावंसं वाटलं तर त्यात गैर काही नाही. फक्त शांपू बोटांच्या पेरांनी टाळूवर चोळावा. धुताना ओघळणारा फेस लांबीला पुरतो.

कंडिशनर चिकटतो कसा

कंडिशनरची रसायनशास्त्रातली बाजू मला फार देखणी वाटते. ओल्या केसावर ऋणभार असतो. जिथे केस जास्त झिजला, ब्लीचने जळला, तिथे तो भार अधिक. कंडिशनरमधले मुख्य रेणू, म्हणजे बेहेनट्रायमोनियम क्लोराइड, सेट्रिमोनियम क्लोराइड आणि त्यांचे भाऊबंद, धनभारित असतात. ऋण-धन ओढ घेतात, आणि जिथे नुकसान जास्त तिथे हे रेणू जास्त बसतात. कंडिशनर पाण्याने धुतला तरी त्याचा थर मागे उरतो तो यामुळेच. हा थर गेलेल्या लेपाची जागा काही काळापुरती घेतो: खवले सपाट बसतात, प्रकाश एकसारखा परततो म्हणून चमक दिसते, फणी अडत नाही.

‘फणी अडत नाही’ याचं महत्त्व सौंदर्यापुरतं नाही. ओला केस कोरड्या केसापेक्षा जास्त ताणला जातो आणि लवकर तुटतो. न्हाऊन आल्यावर ओढून विंचरताना जे नुकसान होतं ते अनेक घरांत शांपूच्या नावावर जमा होतं. कंडिशनर केसांवर असतानाच रुंद दातांच्या फणीने टोकांकडून वर गुंता सोडवला, तर एवढ्यानेच तुटणारे केस बरेच कमी होतात. तो कानाखालच्या भागाला लावायचा. टाळूला लावल्याने केस गळत नाहीत, पण चपटे आणि तेलकट दिसतात.

यादीतल्या दोन नावांना लोक विनाकारण भितात. सेटिल आणि सेटेअरिल अल्कोहोल ही मेणासारखी घट्ट द्रव्यं आहेत; केस सुकवणाऱ्या पातळ अल्कोहोलशी त्यांचं नावापलीकडे नातं नाही. डायमेथिकोन हे सिलिकोन केसात शिरत नाही, त्याचा श्वास कोंडत नाही, कारण केस श्वासच घेत नाही. त्याचे थर साचतात ही तक्रार अतिसौम्य शांपू वापरणाऱ्यांच्या बाबतीत काही अंशी खरी असते. साध्या शांपूने एकदा धुतलं की बहुतेक थर निघतो.

शांपू तमिळनाडूतल्या कडलूरहून सुरू झालेल्या छोट्या पुड्यांनी १९७० आणि ८० च्या दशकांत खेड्यापाड्यांत पोचवला. कंडिशनरच्या वाट्याला ते भाग्य आलं नाही. मध्यमवर्गीय घरांतही तो चैनीचा मानला जातो. हा क्रम उलटा करावा असं मला ठामपणे वाटतं. लांब केस असतील आणि पैसे एकाच बाटलीवर जास्त घालता येत असतील, तर शांपू स्वस्तातला घ्यावा आणि पैसे कंडिशनरवर घालावेत. शांपू दोन मिनिटांत मोरीतून वाहून जातो, कंडिशनरचा अंश पुढच्या न्हाण्यापर्यंत केसावर राहतो.

पाणी कुठलं?

मुंबईत तानसा, वैतरणा, भातसाचं पाणी मऊ. तिथून कुणी पुण्याच्या कडेच्या नव्या वसाहतीत टँकरच्या किंवा बोअरच्या पाण्यावर राहायला गेलं, की महिनाभरात केस राठ झाल्याची तक्रार सुरू होते आणि शांपू बदलला जातो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात जडपणाची इष्ट मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत सूट आहे. मराठवाडा-विदर्भातल्या अनेक विंधनविहिरींचं पाणी जड असतं. कॅल्शियम-मॅग्नेशियम केसांच्या ऋणभारित जागांवर बसतात, केस खरखरीत लागतो. केसाची ताकद त्यामुळे किती घटते यावर संशोधकांचं एकमत नाही, पण स्पर्शातला फरक खरा आहे. अशा ठिकाणी ईडीटीए किंवा फायटेट असलेला शांपू उपयोगी, कारण ही द्रव्यं क्षार पकडून ठेवतात. शेवटचं पाणी तरी मऊ घ्यावं. पावसाळ्यात ते गच्चीवर फुकट मिळतं.

आक्षेप पहिला: शिकेकाईवर पिढ्या वाढल्या

हा आक्षेप गंभीरपणे घ्यायला हवा, कारण त्यात निम्मं सत्य आहे. शिकेकाई आणि रिठ्यात सॅपोनिन असतात. सॅपोनिन हेही प्रक्षालकच, झाडाने बनवलेलं. शिकेकाईचं पाणी किंचित आम्ल असतं आणि तेल बेताने काढतं, म्हणून ती साबणापेक्षा निश्चित चांगली होती. पण तिच्यात गुंता सोडवणारं, टोकांवर थर धरणारं काही नाही. पूड नीट गाळली नाही तर कण केसांवर घासतात. रिठा डोळ्यांत गेला तर आग होते. ‘शिकेकाई’ लिहिलेल्या बहुतेक वड्या तर साबणच असतात, म्हणजे शिकेकाईच्या नावाखाली जुनाच दोष घरात येतो.

पूर्वीच्या बायकांचे लांबसडक केस आठवताना त्यांच्या बाकीच्या सवयीही आठवाव्यात. केस बांधलेले असायचे, न्हाणं आठवड्याला, ब्लीच नाही, तापलेली इस्त्री नाही, रंग नाही. टोकांचा लेप शाबूत राहायला ही कारणं पुरेशी आहेत. शिवाय ज्यांचे केस विरळ होते त्या पदराखाली गेल्या, त्यांची आठवण कुणी काढत नाही.

परंपरेतली एक गोष्ट मात्र तपासणीला उतरली आहे, आणि ती अभिमानाने सांगावी. मुंबईच्या मॅरिको कंपनीतल्या संशोधकांनी २००३ मध्ये खोबरेल, सूर्यफूल तेल आणि खनिज तेल यांची तुलना प्रसिद्ध केली. धुताना केसातून होणारी प्रथिनांची गळती फक्त खोबरेलाने लक्षणीयरीत्या घटली. कंपनी खोबरेलच विकते, म्हणून संशय घेणं रास्त आहे. पण कारण पटण्यासारखं आहे. खोबरेलातल्या लॉरिक आम्लाची साखळी सरळ आणि आखूड असल्याने ते तेल केसाच्या आत शिरतं, आणि धुताना केस पाण्याने कमी फुगतो. तेव्हा न्हाण्याआधी काही तास लांबीला आणि टोकांना खोबरेल लावण्याच्या सवयीला चांगला आधार आहे. टाळूवर ते थापण्याला तसा नाही.

नैसर्गिक आणि रासायनिक ही फाळणी किती पोकळ आहे त्याचा एक पुरावा बाटलीच्या मागेच असतो. ‘ग्वार हायड्रॉक्सिप्रोपिलट्रायमोनियम क्लोराइड’ हे नाव वाचून कुणालाही धास्ती वाटेल. ते आपल्या भाजीतल्या गवारीच्या बियांच्या डिंकापासून बनतं, आणि जगाला लागणारी बहुतेक गवार राजस्थानच्या कोरडवाहू जमिनीत पिकते.

आक्षेप दुसरा: पॅराबेनचं काय?

पाणी असलेल्या बाटलीत जंतू वाढतात, म्हणून परिरक्षक लागतोच. पॅराबेनवर गदारोळ झाला तेव्हा अनेक उत्पादकांनी त्याजागी मिथाइलआयसोथायाझोलिनोन आणलं. परिणाम असा की अमेरिकेच्या संपर्कजन्य त्वचादाहाच्या तज्ज्ञसंस्थेने २०१३ मध्ये त्याला वर्षाचा ‘ॲलर्जन’ ठरवलं, आणि २०१९ मध्ये त्याच संस्थेने पॅराबेनला ॲलर्जी न करणारं द्रव्य म्हणून गौरवलं. युरोपने पुढे मिथाइलआयसोथायाझोलिनोन अंगावर राहणाऱ्या प्रसाधनांतून काढून टाकलं. ‘अमुक-मुक्त’ वाचताना म्हणूनच एवढं विचारावं: त्याच्या जागी काय आलं? मानेवर, कानामागे, कपाळाच्या कडेला वारंवार खाज येत असेल तर सल्फेटच्या आधी परिरक्षक आणि सुगंध यांच्यावर संशय घ्यावा, आणि केस रंगवत असाल तर काळ्या मेंदीतल्या पीपीडीवर त्याहून आधी.

आक्षेप तिसरा: ‘पण मला फरक दिसला’

दिसला असेल. जलविभाजित केराटिन, सिलिकोन, धनभारित बहुवारिकं केसावर बसतात आणि स्पर्श बदलतात. हा परिणाम खरा आहे. तो पोषणाचा नाही, लेपाचा आहे, आणि पुढच्या काही धुण्यांत उतरतो. हे कमी लेखण्यासारखं नाही, मला फक्त त्याला त्याच्या नावाने ओळखलेलं हवं आहे. दुसरं, आजारानंतरची केसगळती काही महिन्यांत बहुधा आपोआप ओसरते, आणि त्या वेळी जी बाटली हातात असते तिच्या नावावर श्रेय जातं.

एक टक्क्याची रेघ

भारतीय नियमांनुसार प्रसाधनावर घटकांची यादी द्यावी लागते. १ टक्क्याहून जास्त असलेले घटक उतरत्या क्रमाने, त्याखालचे कोणत्याही क्रमाने. फेनॉक्सिइथेनॉलसारखा परिरक्षक १ टक्क्याच्या आत वापरला जातो, म्हणून यादीत त्याच्यानंतर आलेलं सगळं १ टक्का किंवा त्याहून कमी. बाटलीच्या पुढे मोठ्या अक्षरांत असलेलं जास्वंद, कांदा, भृंगराज मागच्या यादीत या रेघेच्या कुठे आहे ते पाहावं. मग निवडीसाठी तीन गोष्टी पुरतात: पाण्यानंतरचं पहिलं प्रक्षालक कोणतं, कंडिशनरमध्ये धनभारित घटक पहिल्या पाचांत आहे का, आणि सुगंध किती उग्र आहे.

केस गळतात तेव्हा

‘हेअर फॉल’ रोखणाऱ्या अनेक शांपूंच्या जाहिरातीत खाली बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं: तुटण्यामुळे होणारी गळती. हे शब्द तेवढ्याच मोठ्या अक्षरांत, मराठीतही छापायला लावले पाहिजेत. गळलेला केस हातात घेऊन पाहावा. एका टोकाला बारीक पांढरी गाठ असेल तर तो मुळातून सुटला आहे. गाठ नसेल, लांबी तोकडी असेल, तर तो मधेच तुटला आहे. तुटण्यावर कंडिशनर आणि फणीची सवय हा इलाज आहे. मुळातून सुटलेल्या केसावर कोणताही प्रसाधन-शांपू इलाज नाही, आणि कायद्यानेही तसा दावा करता येत नाही. टक्कल बरं करतो असं औषधालासुद्धा म्हणता येऊ नये म्हणून औषध नियमांच्या ‘जे’ परिशिष्टात त्याचं नाव आहे.

दिवसाला ५० ते १०० केस जाणं स्वाभाविक आहे. डेंग्यू, टायफॉइड, बाळंतपण, मोठी शस्त्रक्रिया, उपाशी राहून उतरवलेलं वजन यांनंतर दोन-तीन महिन्यांनी मूठमूठ केस येऊ लागतात, कारण धक्का बसलेली मुळं एकदम विश्रांतीत जातात आणि केस सोडायला त्यांना तेवढा वेळ लागतो. या अंतरामुळेच कारण ओळखलं जात नाही. बाई आजार विसरलेली असते आणि दोष चालू शांपूला देते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. ज्या राज्यात निम्म्याहून जास्त बायकांचं रक्त कमी आहे तिथे केसांच्या पोषणाचा प्रश्न न्हाणीघरात सोडवायला बघणं मला अतिशय क्लेशदायक वाटतं. हिमोग्लोबिन, फेरिटिन आणि थायरॉइड या तपासण्या तालुक्याच्या गावीही करता येतात.

गोल चकत्यांनी केस जात असतील, म्हणजे चाई पडली असेल, तर त्वचारोगतज्ज्ञाकडे जावं. भांग हळूहळू रुंद होत असेल तर तो अनुवंशिक विरळपणा असू शकतो. त्यावर मिनॉक्सिडिलसारखी औषधं आहेत, ती लावत राहावी लागतात आणि लवकर सुरू केली तरच जास्त राखतात. भांग रुंदावतोय हे ध्यानात आल्यापासून डॉक्टरांकडे पोचेपर्यंत अनेकींची वर्षं एकामागून एक शांपू बदलण्यात जातात, आणि त्या काळात बारीक होत गेलेली मुळं पुन्हा जाड केस धरण्याची शक्यता दर वर्षी कमी होत जाते.